बक्षीस परत करणारी अमृता

बक्षीस मिळालं की आपण काय करतो? घरी आल्यावर आधी देवापुढे ठेवतो, मग शेजारणीला दाखवतो, आणि पुढची कित्येक वर्षं ती ढाल नाहीतर तो कप शोकेसमध्ये पुढच्या रांगेत असतो. अगदी हळदीकुंकवाच्या वेळी उखाण्याच्या स्पर्धेत मिळालेला स्टीलचा डबासुद्धा वापरायला काढवत नाही! १९३५ साली सिमल्यातल्या एका बावीस वर्षांच्या मुलीनं मात्र मिळालेलं बक्षीस सरळ परत पाठवून दिलं. तेसुद्धा गुपचूप नाही, चांगलं खरमरीत पत्र लिहून.

ती मुलगी म्हणजे अमृता शेरगिल.

सिमल्याची फाइन आर्ट्स सोसायटी म्हणजे त्या काळी मोठं प्रस्थ. उन्हाळा आला की सगळं इंग्रज सरकार सिमल्याला मुक्कामाला जायचं. साहेब, मॅडम, संस्थानिक, सगळे तिथं. त्यांच्यासमोर आपलं चित्र टांगलं जाणं हाच मोठा मान. अमृतानं दहा चित्रं पाठवली होती. संस्थेनं पाच ठेवून घेतली, पाच परत केली आणि ठेवलेल्यांपैकी एकाला बक्षीस देऊन टाकलं. दुसरी कुणी असती तर मिळालं त्यात आनंद मानला असता. अमृतानं कळवलं, की हे बक्षीस तुमच्या ठरीव पठडीत बसणाऱ्या एखाद्या चित्रकाराला द्या, यापुढे मी तुमच्याकडे चित्रं मांडणार नाही, पॅरिसच्या सालों प्रदर्शनाची मी सभासद आहेच, तेवढ्यावर भागवून घेईन. टोमणा कसा मारावा तो असा!

आता यात गर्व होता का? होता. मुबलक होता. पण नुसता गर्व असता तर आज तिची आठवण काढायचं काही कारण नव्हतं. आपलं चांगलं कोणतं आणि वाईट कोणतं, हे ठरवायचा हक्क ती दुसऱ्या कुणाच्या हाती द्यायला तयार नव्हती. आणि त्याची किंमत तिनं पुढची सहा वर्षं, म्हणजे मरेपर्यंत, मोजली.

अमृताचा जन्म ३० जानेवारी १९१३ चा, हंगेरीतल्या बुडापेस्टचा. वडील उमरावसिंग शेरगिल पंजाबातल्या मजिठिया या सरदार घराण्यातले. संस्कृत-फारसीचे अभ्यासक आणि फोटोग्राफीचे वेडे. आई मेरी अँटोनेट हंगेरियन, गाण्याची आणि पियानोची तालीम घेतलेली. पहिल्या महायुद्धामुळे हे कुटुंब हंगेरीतच अडकून पडलं. अमृता आठ वर्षांची असताना, १९२१ मध्ये, सगळे हिंदुस्थानात आले आणि सिमल्याच्या समर हिल भागात राहू लागले. धाकटी बहीण इंदिरा पियानो वाजवायची, अमृता कागद रंगवत बसायची. कॉन्व्हेंट शाळेत घातलं, तर तिथं आपण देव मानत नाही असं जाहीर करून तिनं नाव काढून घ्यायची वेळ आणली. पोरीचं पाणी तेव्हाच दिसलं होतं म्हणायचं.

चित्रांचं खरं वळण लावलं ते एर्विन बाक्ताय या मामानं. हे मामा भारतीय विद्येचे अभ्यासक आणि स्वतः चित्रकार. १९२७ च्या सुमारास ते सिमल्याला राहायला आले होते. भाचीनं काढलेली परीकथेतल्यासारखी चित्रं बघून त्यांनी सांगितलं, की मनातल्या राजकन्या पुरे झाल्या, समोर माणूस बसव आणि त्याच्याकडे बघून काढ. मग घरातले नोकरचाकर आळीपाळीनं अमृतासमोर बसायला लागले. समोरचं नीट बघायचं, हा धडा ती शेवटपर्यंत विसरली नाही.

१९२९ मध्ये आईनं दोन्ही मुलींना शिक्षणासाठी पॅरिसला नेलं. सोळा वर्षांची अमृता आधी एका खासगी कलाशाळेत गेली, मग तिथल्या नावाजलेल्या एकोल द बोझार्त या सरकारी कलाविद्यालयात ल्युसियाँ सिमाँ यांच्या हाताखाली शिकली. या मास्तरांविषयी तिला फार आदर. ते मुलांची चित्रं स्वतःच्या हातानं दुरुस्त करत नसत, त्यांना विचार करायला लावत, आणि शिकवणं ते एवढंच, असं तिचं मत होतं. (आपल्या मुलांच्या ड्रॉइंगच्या वहीत बाईंनी काढून दिलेली झाडं आठवली ना?) १९३२ मध्ये तिनं ‘यंग गर्ल्स’ हे चित्र काढलं. खोलीत बसलेल्या दोघीजणी, एक बहीण इंदिरा आणि दुसरी तिची फ्रेंच मैत्रीण. या चित्राला पॅरिसच्या सालोंमध्ये सुवर्णपदक मिळालं आणि १९३३ मध्ये तिला तिथलं सभासदत्वही मिळालं. वय वर्षं वीस!

म्हणजे पॅरिसमध्ये बस्तान बसलं होतं. मित्रमंडळी होती, नाव होत होतं. आणि नेमकं तेव्हाच तिला हिंदुस्थानात यायचं वेड लागलं. तिच्या सरांनाही वाटायचं, की हिचे रंग या करड्या आभाळाखाली खुलायचे नाहीत, हिची जागा पूर्वेकडे आहे. पण घरातून विरोध झाला, तोही वडिलांकडून. तुला आपल्या देशाच्या विचारांत, परंपरेत काही गोडी नाही, शिवाय तुझं मोकळं वागणं इथं खपायचं नाही, घराण्याच्या नावाला बट्टा लागेल, तेव्हा तिकडेच राहा, असा त्यांचा सूर होता. वडील विद्वान, हौशी, मुलींना परदेशी शिकवणारे. पण मुलीच्या वागण्याचा प्रश्न आला की चार घरच्या बापांसारखेच! अमृतानं हंगेरीहून त्यांना उत्तर लिहिलं. तिचं म्हणणं असं, की युरोपातली नवी चित्रकला शिकले म्हणूनच मला हिंदुस्थानी कलेची किंमत कळायला लागली. इथं आले नसते तर अजिंठ्याचं एक चित्र किंवा पॅरिसच्या म्युझियममधली एक छोटी भारतीय मूर्ती अख्ख्या युरोपच्या त्या गाजलेल्या जुन्या कलेहून मोलाची आहे, हे मला कधी उमगलंच नसतं.

उलटंच आहे की नाही? आपल्याला वाटतं, अस्सल राहायचं तर बाहेरचं वारं लागू द्यायचं नाही. अमृता म्हणत होती, बाहेर जाऊन आले म्हणून घर दिसलं.

१९३४ च्या अखेरीला ती परत आली आणि तेव्हापासून तिनं साडीच नेसायला घेतली. उंची साड्या, ठसठशीत दागिने, मधोमध भांग. फोटोंमधून ती आपल्याला अशीच दिसते. १९३५ मध्ये तिनं ‘थ्री गर्ल्स’ काढलं. तीन तरुण मुली जवळजवळ बसलेल्या, पण कुणीच कुणाकडे बघत नाही. लाल, हिरवी, शेंदरी वस्त्रं आणि तिघींच्या चेहऱ्यावर एकच भाव. पुढे काय वाढून ठेवलंय ते ठाऊक आहे आणि त्याबद्दल आपल्याला कुणी विचारणार नाही, हेही ठाऊक आहे. ज्यांच्या घरी दाखवायचे कार्यक्रम झाले असतील त्यांना हे चित्र समजावून सांगावं लागणार नाही. याच सुमाराला तिनं ‘हिल विमेन’ काढलं. डोंगरातल्या बायका, सडपातळ, गप्प उभ्या. १९७८ मध्ये आपल्या टपाल खात्यानं या चित्राचं तिकीट काढलं होतं.

त्या काळातली चित्रं बघितली तर अमृताचं हे काम किती वेगळं होतं ते कळतं. एकीकडे साहेबी वळणाची चित्रं होती. झगझगीत ऊन, रंगीबेरंगी फेटे, मशिदीचे घुमट, अगदी प्रवाशांनी घरी न्यावीत अशी. तिला त्यांचा मनापासून तिटकारा. तिला दिसलेला हिंदुस्थान हिवाळ्यातला होता. फिकट पिवळी जमीन आणि तिच्यावर न बोलता वावरणारी काळीसावळी, काटकुळी, उदास माणसं.

दुसरीकडे बंगालची चित्रकला. या मंडळींनी इंग्रजी वळण सोडून आपल्या जुन्या कलेकडे पाहिलं, पुराणकथा रंगवल्या, देशाभिमान जागा केला. सगळीकडे त्यांचं कौतुक होतं. अमृतानं लेख लिहून आणि पत्रांमधून त्यांच्यावर अगदी कडक टीका केली. तिचं म्हणणं, तुम्ही अजिंठ्याचे लांब डोळे घेतले, निमुळती बोटं घेतली, पण अजिंठ्याचा जोम कुठे घेतलात? जुन्याची बाहेरची आकृती उचलली म्हणजे ते भारतीय होत नाही. गोष्टीला धरून चित्र काढलं, की लोक गोष्टीला दाद देतात आणि चित्र तसंच राहतं. भावनेचा पाझर म्हणजे कला नव्हे. रेषा, रंग, आकार यांच्यावर चित्र उभं राहिलं पाहिजे.

मला स्वतःला वाटतं, इथं तिचा तोल गेला. पारतंत्र्यात असलेल्या देशात त्या मंडळींनी जे केलं त्याची कदर करायला हवी होती. तिच्या आधी त्यांनी वाट पाडली नसती, तर तिला तरी एवढं ऐकून कोण घेणार होतं? पण तिला मधला मार्ग ठाऊकच नव्हता. युरोप पिकासो, मातीस, ब्राक यांच्यासारख्या पुष्कळांचा, हिंदुस्थान मात्र फक्त माझा, असं ती बिनदिक्कत लिहून गेली. बाई आत्मविश्वासानं बोलली की लोकांना तो उद्धटपणा वाटतो, हे खरं. पण हा खरोखरच उद्धटपणा होता!

१९३६ च्या नोव्हेंबरात ती मुंबईला आली. ताजमहाल हॉटेलात तिच्या चित्रांचं प्रदर्शन भरलं. मुंबईत तिला भेटले कार्ल खंडालावाला. पारशी वकील, कलेचे जाणकार आणि जुन्या लघुचित्रांचे संग्राहक. (पुढे १९५९ च्या गाजलेल्या नानावटी खटल्यात आरोपी नानावटींची बाजू मांडणारे तेच हे खंडालावाला.) त्यांच्याकडची राजपूत आणि पहाडी लघुचित्रं पाहून अमृता हरखून गेली. दोघांची जन्माची मैत्री झाली, आणि मैत्री कसली, पत्रापत्री वाद! ते एखाद्या चित्राला नावं ठेवायचे, ती कबूल करायची किंवा तुटून पडायची. कबूलही करायची, हे सांगायला हवं. सिमल्याच्या परीक्षकांचं तिनं ऐकलं नाही, पण ज्याची नजर तयार आहे त्याचं ती कान देऊन ऐकायची. १९३७ च्या सुरुवातीला बॉम्बे आर्ट सोसायटीनं ‘थ्री गर्ल्स’ला सुवर्णपदक दिलं. ते मात्र तिनं परत केलं नाही!

मुंबईहून ती निघाली आपल्या वेरूळ-अजिंठ्याला. आपण शाळेच्या सहलीत एस.टी.तून जातो, बाईंच्या मागं रांगेनं फिरतो, माकडांना चणे घालतो आणि परत येतो. अमृता मात्र त्या अंधाऱ्या लेण्यांमधून अक्षरशः भारावून बाहेर पडली. वेरूळ तिला भव्य वाटलं. अजिंठा मात्र तिच्या मनात शिरला. परत आल्यापासून इथं पहिल्यांदाच दुसऱ्या कुणाच्या कामातून मला काही शिकायला मिळालं, असं तिनं कळवलं. पॅरिसचं सुवर्णपदक मिळवलेली, कुणाला न जुमानणारी ही मुलगी दीड हजार वर्षांपूर्वीच्या त्या निनावी कारागिरांपुढे नम्र झाली होती.

अजिंठ्याहून ती पुढे दक्षिणेत गेली. वाटेत हैदराबाद. सालारजंग म्युझियम बघायला आपल्यापैकी कितीतरी जणी गेल्या असतील, संगमरवरी बुरख्यातली ती रिबेका बघून आलो असू. त्या संग्रहाचे धनी नवाब सालारजंग यांनी अमृताला आपली युरोपियन चित्रं कौतुकानं दाखवली. एखादीनं म्हटलं असतं, वा, काय सुंदर! आपली चित्रं विकायची आहेत, गिऱ्हाईक समोर आहे, चार गोड शब्दांनी काय बिघडतं? अमृतानं सरळ सांगितलं, की एवढा पैसा घालून तुम्ही भलतंच काहीतरी गोळा केलंय. झालं! नवाबांनी पाहायला घेतलेली तिची चित्रं परत आली. म्हैसूरच्या महाराजांकडेही तिच्या चित्रांपुढे राजा रविवर्माच सरस ठरला.

पैशाची ओढ तिला नव्हती असं मुळीच नाही. वडिलांची मिळकत उतरणीला लागली होती आणि चित्रं विकली जावीत असं तिला फार वाटायचं. पण आवडेल तसं काढून देणं काही जमलं नाही. पंडित नेहरू तिचं दिल्लीचं प्रदर्शन बघायला आले होते. दोघांची चांगली ओळख झाली, पत्रव्यवहारही झाला. त्यांचं चित्र का काढत नाहीस, असं कुणी विचारलं तर ती म्हणायची, ते फार देखणे आहेत! देखण्या माणसाच्या चेहऱ्यात तिला काही सापडत नसावं.

दक्षिणेत कोचीनच्या मट्टनचेरी राजवाड्यातली भित्तिचित्रं तिनं बसून बसून रेखाटून घेतली. सिमल्याला परतल्यावर १९३७ मध्ये तीन मोठी चित्रं तयार झाली. न्हाऊन केस विंचरून घेणारी नवरी, उघड्या अंगाचे ब्रह्मचारी आणि बाजाराला निघालेले गावकरी. यांत अजिंठा आहे, पण अजिंठ्याची नक्कल कुठेच नाही. सावळ्या अंगावर पांढरं वस्त्र कसं दिसतं ते तिथल्या माणसांकडे बघून काढलंय. दुसऱ्याकडून घ्यायचं आणि तरी आपलं काढायचं म्हणजे काय, हे तिनं लेखांत सांगितलं त्याहून या तीन चित्रांत जास्त कळतं.

मग लग्न. आईच्या डोक्यात श्रीमंत स्थळं होती. अमृतानं निवडला व्हिक्टर एगन, हंगेरीतला डॉक्टर, आणि तिचा सख्खा मावसभाऊ! आपल्याकडे कानांवर हात ठेवले असते. तिच्या घरीही कडाक्याचा विरोध झाला. पण तो तिला लहानपणापासून ओळखत होता, तिचे गुण-अवगुण त्याला ठाऊक होते आणि तो तिच्या कामाच्या आड येणार नव्हता. जुलै १९३८ मध्ये बुडापेस्टला लग्न झालं. ती तिकडे असताना इकडे आईवडिलांनी तिची खासगी पत्रं वाचली आणि जाळून टाकली. त्यात नेहरूंचीही होती. हे कळल्यावर तिनं वडिलांना जे पत्र लिहिलं, त्यात आरडाओरडा नाही. आपल्या पत्रांत लपवण्यासारखं काही होतं म्हणून ती घरी ठेवली नव्हती, आधीच जड झालेलं सामान आणखी वाढू नये म्हणून ठेवली होती, एवढंच तिनं ऐकवलं. मुलगी जगात कितीही मोठी होवो, तिचं कपाट उघडायचा हक्क घरच्यांना वाटतोच!

१९३९ मध्ये दोघं परतली आणि गोरखपूरकडे सराया इथं काकांच्या साखर कारखान्याच्या वसाहतीत राहिली. व्हिक्टर तिथं डॉक्टर म्हणून काम करायचा. आजूबाजूला ऊस, धूळ आणि नात्यातली मोठी जमीनदार घरं. बोलायला कुणी नाही. चित्रांविषयी तर नाहीच. पत्रांमधून तिचा जीव कोंडलेला कळतो. महिने महिने हातून काही होत नव्हतं. पण याच काळात तिनं घरातल्या बायका रंगवल्या. खाटेवर दुपारची पडलेली लाल कपड्यातली बाई आणि पंखा घेऊन बसलेली मोलकरीण. हळद दळणाऱ्या बायका. झोपाळा. पूर्वीची ती उभी, उदास माणसं गेली, रंग तापले. सगळं कसं भरल्या घरातलं, आणि तरीही त्या बायकांचा वेळ जाता जात नाहीये हे बघताक्षणी कळतं.

तिच्याविषयी एक गोष्ट मला नेहमी टोचते. गरिबांची चित्रं काढणारी ही बाई राहत होती जमीनदाराघरी. त्या बायकांचं दुःख दूर व्हावं म्हणून ती काढत नव्हती, त्यांच्या दुःखात तिला रंग आणि आकार दिसत होते. तिनं ते कधी झाकलं नाही, चित्र म्हणजे समाजसेवा असा आव आणला नाही. हा प्रामाणिकपणा म्हणावा की निबरपणा? त्या हळद दळणाऱ्या बायकांपैकी एखादीनं आपलं चित्र पाहिलं असतं, तर तिला काय वाटलं असतं, असं मनात येतंच.

सप्टेंबर १९४१ मध्ये नवराबायको लाहोरला आले. मोठं शहर, लिहिणारे-वाचणारे लोक, १९३७ च्या प्रदर्शनात तिचं तोंडभरून कौतुक केलेलं गाव. व्हिक्टरचा दवाखाना चालेल, आपली चित्रं विकली जातील अशी आशा होती. मॉल रोडवर गंगाराम मॅन्शनमध्ये घर घेतलं. डिसेंबरमध्ये प्रदर्शन ठरलं. आणि डिसेंबरच्या पहिल्याच आठवड्यात ती आजारी पडली. नवरा डॉक्टर, घरातच उपचार चाललेले. दुसऱ्या डॉक्टरांना बोलावलं तोवर उशीर झाला होता. ५ डिसेंबरच्या रात्री ती गेली. वय अवघं अठ्ठावीस. आईनं जावयाला कधी क्षमा केली नाही, त्याच्यावर नाही नाही ते आरोप केले, आणि १९४८ मध्ये स्वतःलाच गोळी घालून घेतली.

मागं राहिली पावणेदोनशेच्या आत चित्रं. बरीचशी व्हिक्टर आणि वडिलांनी सरकारला दिली, ती दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात आहेत. १९७६ मध्ये तिची चित्रं राष्ट्रीय ठेवा म्हणून जाहीर झाली. सप्टेंबर २०२३ मध्ये तिचं १९३७ मधलं ‘द स्टोरी टेलर’ लिलावात ६१.८ कोटींना गेलं. तोपर्यंत कुठल्याही भारतीय चित्राला लिलावात एवढी किंमत आली नव्हती. नवाबसाहेब असायला हवे होते!

लाहोरचं ते ठरलेलं प्रदर्शन तिच्यामागं, २१ डिसेंबर १९४१ ला भरलं. घरात एक चित्र तसंच अपुरं राहिलं होतं. वरच्या मजल्यावरून खाली दिसणारं साधं दृश्य. भिंती, धाबी आणि त्यांच्यामध्ये काळ्या म्हशी.